पायाशी उजेड, पण फ्यूजमधूनच

प्रश्न : गाडीत पायाजवळ एलईडी पट्टी लावायची आहे. वायरिंगला धोका नाही ना?
– एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : धोका पट्टीचा नाही, जोडणीचा आहे. दोन मीटर साधी पट्टी १२ व्होल्टवर जेमतेम एक अँपिअर घेते. पण वायर सोलून, पीळ देऊन वर टेप गुंडाळू देऊ नका. असा सांधा तापतो, आगीची भीती तिथेच. चावी काढली की बंद होणाऱ्या फ्यूजवरून, वेगळा २ अँपिअरचा फ्यूज टाकून लाईन घ्या. पिवळ्या वायरी बहुधा एअरबॅगच्या. त्यांना हात नकोच. परळीचं ऊन आणि औष्णिक केंद्राच्या राखेची धूळ यांनी गोंद सुटतो. जागा स्पिरिटने पुसा, क्लिपाही लावा. लोंबती वायर ब्रेकच्या पेडलखाली आली तर जिवावर बेतेल. रात्री उजेड मंदच ठेवा. काचेत चमकला तर रस्ता दिसत नाही.