दिल्लीची सहल : पूर्वतयारी व पाठयोजना

शाळेची सहल दिल्लीस न्यावयाची असे ठरले की पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा आणि दुसरा निघतो तो किती स्थळे पाहून होतील याचा. तीन दिवसांत वीस स्थळे दाखविली म्हणजे पैसा वसूल झाला, अशी पालकांची व कधी कधी शिक्षकांचीही समजूत असते. परंतु अशा सहलीहून परत आलेल्या मुलास चार दिवसांनी विचारावे. त्याला गाडीतील गर्दी आठवते, बाजारात घेतलेले खेळणे आठवते, आणि लाल किल्ला व कुतुबमिनार यांची चित्रे एकमेकांत मिसळून जातात. खेड्यातील पुष्कळ मुलांना राजधानी पाहण्याची संधी आयुष्यात पुन्हा लवकर येत नाही. म्हणून ती संधी वाया जाऊ न देणे ही शिक्षकाची मोठीच जबाबदारी होय. ती पार पाडण्याचे काम गाडीत बसल्यावर सुरू होत नाही. ते दोन महिने आधी गावच्या वर्गात सुरू व्हावे लागते.

काळाची निवड

डिसेंबरच्या उत्तरार्धात व जानेवारीत उत्तर भारतात दाट धुके पडते व गाड्यांना तासन् तास उशीर होतो. जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात प्रजासत्ताक दिनाच्या बंदोबस्तामुळे मध्य दिल्लीतील अनेक रस्ते व स्थळे बंद असतात. एप्रिलनंतर ऊन असह्य होते. यामुळे फेब्रुवारीचा मध्य हा काळ सोयीचा ठरतो. मात्र शिष्यवृत्ती परीक्षेची तारीख आधी पाहावी. लाल किल्ला व राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात. तो दिवस प्रवासात जाईल अशी आखणी करावी. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क पडत नाही. यासाठी वयाचा दाखला म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीची यादी जवळ ठेवावी. रेल्वेच्या सवलतीचा अर्ज व वरिष्ठ कार्यालयाची परवानगी ही कामे सर्वांत आधी उरकावीत.

प्रवास हाही पाठच

मनमाड, भुसावळ, खांडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा या मार्गाने जाणारी गाडी म्हणजे भूगोलाचे उघडे पुस्तकच होय. भुसावळ सोडल्यावर तापी, इटारसीच्या पुढे नर्मदा व त्यानंतर लगेच विंध्याचा घाट, मुरैना व धौलपूर यांच्या दरम्यान चंबळ, अशा क्रमाने नद्या व डोंगर येतात. वर्गात आधी मोठा नकाशा काढून घ्यावा. प्रत्येक मुलाने त्याची नक्कल बरोबर ठेवावी व नदी ओलांडताच तिच्यावर वेळ लिहावी. माती केव्हा काळी होती, केव्हा फिकट झाली, शेतात गहू केव्हापासून दिसू लागला, याच्या नोंदी खिडकीजवळ बसणाऱ्यांनी पाळीपाळीने कराव्यात.

आग्र्याचे स्थानक आले म्हणजे एका चुकीची दुरुस्ती सहज करता येते. शिवछत्रपती औरंगजेबाच्या भेटीस दिल्लीला गेले होते, असे पुष्कळ मुले समजतात. ती भेट १६६६ साली आग्र्यास झाली. हे वर्गात दहा वेळा सांगून जे लक्षात राहत नाही, ते त्या फलाटावर एकदा सांगितले की कायमचे राहते.

तीन दिवस, थोडी स्थळे

दिवसाकाठी दोन, फार तर तीन स्थळे घ्यावीत आणि प्रत्येक स्थळासाठी मुलांनी एकच मुख्य प्रश्न गावाहून घेऊन जावा.

पहिला दिवस लाल किल्ला व राजघाट यांना द्यावा. शाहजहानने १६३९ ते १६४८ या काळात हा किल्ला बांधविला. मराठी मुलांसाठी येथे विशेष सांगण्याजोगे आहे ते असे की, १७७१ साली मराठ्यांनी दिल्ली घेतली, महादजी शिंदे यांच्या संरक्षणाखाली बादशहा शाह आलम १७७२ च्या आरंभी राजधानीत परतला, आणि १८०३ साली इंग्रजांनी दिल्ली जिंकली तेव्हा त्यांना लढावे लागले ते शिंद्यांच्या फौजेशी. प्रश्न असा द्यावा : ‘याच किल्ल्यावर १५ ऑगस्टला पंतप्रधान ध्वज का फडकवितात?’ उत्तर मुलांनीच शोधावे. राजघाटावर बोलणे अगदी थोडे असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुतुबमिनार. त्याची उंची सुमारे ७३ मीटर आहे, हे वाक्य मुलास काहीच सांगत नाही. म्हणून आधीच शाळेच्या मैदानावर ७३ मीटर दोरीने मोजून दोन्ही टोकांस मुले उभी करावीत. तेथील लोहस्तंभ सुमारे ७.२ मीटर उंच व सहा टनांहून अधिक वजनाचा असून तो गुप्तकाळातील आहे. त्याची लांबी शाळेच्या व्हरांड्यावर खडूने आखावी. सोळाशे वर्षांच्या आसपास उघड्यावर उभा असूनही तो फारसा गंजला नाही, याचे एक कारण त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, हे होय. जाण्यापूर्वी महिनाभर एक खिळा कोरडा व एक खिळा ओला ठेवून मुलांनी गंज पाहिलेला असला म्हणजे त्या स्तंभापुढे ती आपोआप थांबतात. तेथून मेट्रोने पटेल चौकापर्यंत येऊन दुपारी जंतरमंतर पाहावे.

तिसरा दिवस प्रजासत्ताकाचा समजावा. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली व २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. ही सभा १९२७ साली पुऱ्या झालेल्या वर्तुळाकार इमारतीत भरत असे. २०२३ पासून संसदेचे कामकाज शेजारच्या नव्या इमारतीत चालते. आत जाण्यास पूर्वपरवानगी लागते. ती न मिळाल्यास बाहेरून दर्शन घ्यावे. अलीपूर रस्त्यावरील २६ क्रमांकाच्या ज्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले, त्या जागी २०१८ पासून राष्ट्रीय स्मारक उभे आहे. ते अवश्य दाखवावे. इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर वीरगती पावलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. गावातील वा तालुक्यातील एखाद्या हुतात्म्याचे नाव, त्याची पलटण व वर्ष घरच्या मंडळींना विचारून लिहून न्यावे व ते भिंतीवर शोधावे. वेळ उरल्यास राष्ट्रीय संग्रहालयातील मोहेंजोदडोची नर्तिका दाखवावी. पुस्तकातील चित्रावरून मोठी भासणारी ही मूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे; पाहण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा.

मागे राहणाऱ्या मुलांचा वाटा

सहलीच्या योजनेत सर्वांत अवघड भाग हा आहे. वर्गातील चाळीसपैकी कदाचित पंचवीसच मुले जाऊ शकतात. उरलेल्यांपैकी काहींच्या घरी आजारपण असते, परंतु बहुतेकांची अडचण पैशाची असते, आणि ती वर्गात कोणापासून लपत नाही. ज्या पालकाजवळ पैसा नाही त्यास मुलाच्या हाती वारंवार निरोप पाठवू नयेत, किंवा पैसे भरणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहू नयेत. गावातून मदत मिळाली तर ती कोणास दिली हे मुख्याध्यापकांपाशीच राहावे. इतके करूनही काही मुले मागे राहणारच. त्यांना ‘तुम्ही पुढच्या वर्षी या’ असे सांगून भागत नाही. त्यांच्यावाचून पुरे होणार नाही असे काम त्यांना दिले पाहिजे.

यासाठी पुढील पाठ योजावा. महाराजा सवाई जयसिंग यांनी १७२४ च्या सुमारास उभारलेल्या जंतरमंतरमध्ये सूर्याच्या सावलीवरून वेळ सांगणारे सम्राट यंत्र आहे. त्याच्या तिरप्या भिंतीचा कोन दिल्लीच्या अक्षांशाइतका आहे. हे नुसते सांगून सातवीच्या मुलास कळत नाही. म्हणून बरोबर एक मीटर लांबीच्या दोन सारख्या काठ्या तयार कराव्यात. एक काठी दिल्लीस न्यावी, एक शाळेत ठेवावी. ठरलेल्या दिवशी सव्वाबारापासून सव्वापर्यंत दर पाच मिनिटांनी दोन्ही ठिकाणी काठी उभी धरून सावली मोजावी व सर्वांत आखूड सावलीची लांबी व वेळ लिहावी. दिल्लीत हा प्रयोग सेवकांच्या अनुमतीने किंवा बाहेरच्या मोकळ्या जागेत करावा. ढग आल्यास आदल्या वा पुढच्या दिवसाची नोंद असावी.

फेब्रुवारीच्या मध्यास अठरा अक्षांशाजवळच्या गावी ही सावली सुमारे ६० सेंटिमीटर भरते. दिल्लीत ती सुमारे ८८ सेंटिमीटर येते. दोन्ही सावल्यांची आकृती प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजला की काही अंशांचा फरक मिळतो, आणि तो नकाशावरील दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील फरकाशी जुळतो. याच युक्तीने एराटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी पृथ्वीचा परीघ काढला. दिल्लीतील एकटी सावली निरुपयोगी आहे. तिला अर्थ येतो तो गावच्या सावलीमुळे. दिल्लीला गेलेल्या मुलांनी फोन करून ‘तुमची किती भरली?’ असे विचारावयाचे आहे, आणि उत्तर मागे राहिलेल्यांनी द्यावयाचे आहे.

त्याचप्रमाणे मागे राहणाऱ्या प्रत्येक मुलाने एक प्रश्न लिहून जाणाऱ्या एका मुलापाशी द्यावा. त्याचे उत्तर आणणे ही त्या सोबत्याची जबाबदारी.

सुरक्षितता व हिशेब

दहा मुलांमागे एक शिक्षक असावा. मुली असतील तर शिक्षिका अवश्य असाव्यात. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता व दोन शिक्षकांचे फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मेट्रोत चढताना एक शिक्षक सर्वांत पुढे व एक सर्वांत मागे राहावा. फलाटावर मागे राहिलेल्याने तेथेच थांबावे, पुढे गेलेल्याने पुढच्याच स्थानकावर उतरून थांबावे, हा नियम वर्गात बाकांची गाडी करून दोनदा खेळून घ्यावा. फेब्रुवारीतही पहाटे गारठा असतो. लोकरीचे कपडे सांगावेत. कोणास दमा वा अन्य विकार असल्यास पालकांकडून लेखी माहिती व औषध घ्यावे. रोजचा खर्च रोज रात्री मुलांपैकी दोघांनी वहीत मांडावा.

परतल्यावर

आठ दिवसांच्या आत पालकसभा बोलवावी. तीत शिक्षकाने भाषण करू नये. दोन मुलांनी हिशेब वाचून दाखवावा व उरलेली रक्कम परत करावी. नद्यांच्या वेळांचा नकाशा भिंतीवर लावावा. प्रश्न देणाऱ्याने आपला प्रश्न वाचावा व उत्तर आणणाऱ्याने उत्तर सांगावे. शेवटी दोन्ही काठ्या शेजारी उभ्या करून जमिनीवर दोन्ही सावल्या खडूने आखाव्यात. दिल्लीची सावली गेलेल्या मुलाने आखावी आणि गावची सावली न गेलेल्या मुलाने आखावी. त्यांतील फरक कशामुळे, हे दोघांनाही सांगता आले तर सहल संपूर्ण वर्गाची झाली असे समजण्यास हरकत नाही.