सायलेन्सर कोणत्या कंपनीचा घ्यावा?

प्रश्न : पोलादपूरजवळ आमची भातशेती आहे. रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक ठेवली आहे. बाराने कानठळ्या बसतात. सायलेन्सर कोणत्या कंपनीचा भरवशाचा?

उत्तर : कोणत्याच कंपनीचा नाही. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे आवाज दाबणारे साधन हेच प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. तुमच्या परवान्यात ते बसत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर ते नुसते जवळ सापडले तरी 7 ते 14 वर्षे कैद आहे. ओळखीतल्या कुणी ‘खात्रीचा माल’ म्हणून दिला तरी कृपा करून घेऊ नका.

कान मात्र जपायलाच हवेत. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. महाड एमआयडीसीतले कामगार वापरतात तसे इअरमफ घ्या, आत इअरप्लगही घाला. वेष्टनावर आवाज किती डेसिबलने कमी होतो ते छापलेले असते, ते वाचूनच निवडा. शेजारी उभ्या राहणाऱ्या गड्यालाही एक जोड द्या.