एका बाटलीत नदी मावत नाही

प्रश्न : उजनी धरणाच्या फुगवट्यालगत आमची शेती आहे. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, वास मारतं. मे महिन्यात एकदा नमुना तपासून घेतला, तर कारण कळेल का?
– एक शेतकरी, इंदापूर तालुका

उत्तर : त्या दिवशी पाणी कसं होतं, एवढंच कळेल. हिरवेपणा शेवाळाचा, त्याचं खाद्य नायट्रोजन आणि फॉस्फरस. मुळा-मुठेतून पुणे परिसराचं सांडपाणी भीमेत आणि तिथून उजनीत बारमाही येतं. शेतांतली माती मात्र पावसाबरोबर. फॉस्फरस बराचसा मातीच्या कणांना चिकटून येतो. वर्षभरातला बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत वाहतो. ते दिवस हुकले, की हिशेब चुकला.

दुसरं, प्रवाहही मोजायला हवा. लिटरमागे २ मिलिग्रॅम नायट्रोजन किरकोळ वाटतो. पण नदी सेकंदाला १०० घनमीटर वाहत असेल, तर दिवसाला सुमारे १७ टन नायट्रोजन पुढे जातो.

एक वर्ष दुष्काळाचं, दुसरं पुराचं. त्यामुळे नदी सुधारली की नुसता पाऊस बदलला, हे ठरवायला निदान दहा वर्षांच्या नोंदी लागतात. शिवाय तळच्या गाळातला फॉस्फरस उन्हाळ्यात पुन्हा पाण्यात उतरतो, म्हणून सांडपाणी रोखलं तरी गुण उशिरा येतो.

तुम्ही दर महिन्याला एकाच जागेवरून नमुना घ्या, पावसाळ्यात जास्त वेळा. पुरात मात्र पाण्यात उतरू नका. तारीख, पाण्याची पातळी आणि रंग वहीत लिहा. ती वही जपून ठेवा.