नोकरी बदलायची, की काम?

‘मी राजीनामा देतोय’ हे वाक्य घरात बहुधा रविवारी रात्री ऐकू येतं. सोमवारचा धसका ताटावर बसल्या बसल्या बाहेर पडतो. मुलाला किंवा मुलीला नोकरी लागून दीड-दोन वर्षं झालेली असतात. वडील म्हणतात, ‘आत्ताच तर लागलीये, जरा टिकून राहा.’ आई म्हणते, ‘यंदा स्थळं बघायचीत, एवढं वर्ष जाऊ दे.’ मग आवाज चढतात, कुणीतरी ताटावरून उठतं, आणि नेमकं काय सोडायचंय हे विचारायचं राहूनच जातं.

सल्ला घ्यायला येणाऱ्या मुलांना मी आधी तेच विचारते. ‘मला ही नोकरी नको’ असं म्हणणाऱ्याला कधी साहेब नको असतो, कधी कंपनी, कधी रोजचा दोन-दोन तासांचा प्रवास, आणि कधी खरोखरच ते काम. साहेब नको असेल तर आधी त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात बदली मिळते का ते बघावं. कंपनी नको असेल तर त्याच कामाची दुसरी नोकरी शोधावी. प्रवास नको असेल तर कधी कधी घर बदललं तरी भागतं. काम नको असेल तेव्हाच क्षेत्र बदलण्याचा विचार करायचा, आणि त्याला वेळ, पैसा, धीर सगळंच जास्त लागतं. माझ्याकडे येणारी बरीच मुलं पहिल्या तीनपैकी एखाद्या दुखण्यावर चौथ्याचं औषध मागत असतात.

चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारा एक मुलगा आला होता. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. ‘मेकॅनिकलमध्ये काही राहिलं नाही, मला सॉफ्टवेअर टेस्टिंगला जायचंय,’ म्हणाला. क्लास ठरवून झाला होता, फी लाखाच्या घरात होती आणि वडील सोसायटीचं कर्ज काढायला निघाले होते. मी त्याला महिनाभर थांबायला सांगितलं आणि एका वहीत रोज दोन ओळी लिहायला लावल्या : आज कशाने डोकं फिरलं, आणि कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही. वही घेऊन आला तेव्हा पहिल्या रकान्यात पुन्हा पुन्हा दोनच गोष्टी होत्या : दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट आणि लाइनवर सगळ्यांसमोर ओरडणारा सुपरवायझर. दुसऱ्या रकान्यात मात्र वेगळंच दिसलं. एका भागाचं रिजेक्शन अचानक वाढलं होतं. हा शिफ्ट संपल्यावरही मायक्रोमीटर घेऊन थांबला, मशीनवरच्या फिक्स्चरची झीज त्यानेच शोधून काढली, आणि त्या दिवसाबद्दल दोन ओळींऐवजी अर्धं पान लिहिलं. ज्याला मेकॅनिकलचा कंटाळा आलाय तो असं लिहीत नाही. त्याने क्लास रद्द केला आणि भोसरीतल्या एका टूलरूममध्ये जनरल शिफ्टची नोकरी धरली. पगार दोन हजारांनीच वाढला. काम मात्र त्याला आवडतं तेच राहिलं.

काही बाबतींत असली वही लिहायला लावण्यातही वेळ घालवू नये. पगार दोन-दोन महिने रखडतोय, पगारातून पीएफ कापला जातोय पण पासबुकात जमा होत नाही, सुरक्षेची साधनं न देता यंत्रावर उभं केलं जातंय, अशा ठिकाणाहून लवकरात लवकर निघावं. मुलीला कामाच्या जागी लैंगिक छळ सोसावा लागत असेल तर तिने गुपचूप राजीनामा द्यावा असा सल्ला घरच्यांनी देऊ नये. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. आधी तक्रार, मग नोकरी सोडायची की नाही ते तिचं तिने ठरवावं.

उरतो तो मोठा गट. सगळं ठीक चाललंय, पगार वेळेवर होतो, साहेबही बरा आहे, पण मन लागत नाही. यांना मी एकच विचारते : गेल्या सहा महिन्यांत असं काय शिकलात, जे बायोडेटामध्ये एका ओळीत लिहिता येईल? ओळ सुचली तर थांबावं. दोनदा, म्हणजे वर्षभर विचारूनही सुचली नाही, तर पगार कितीही चांगला असो, शोध सुरू करावा. कारण पाच वर्षांनी मुलाखतीत ‘तुमचा अनुभव किती’ यापेक्षा ‘तुम्हाला येतं काय’ हेच विचारतात.

वडिलांच्या पिढीला हे पटायला जड जातं, आणि त्यांचंही चुकत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये कितीतरी घरं एका कंपनीच्या पर्मनंट नोकरीवर उभी राहिली. तीस वर्षं एकच गेट, एकच कँटीन. पण मुंबईच्या गिरणगावातल्या लोकांनी दुसरी बाजूही पाहिली आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते, आणि त्यातल्या असंख्य जणांना पुन्हा खात्यात पाऊल ठेवता आलं नाही. ‘कायम’ असणं त्यांच्या कामी आलं नाही. म्हणून टिकून राहा म्हणताना, तिथे टिकून पोराच्या हाताला काय लागणार आहे, तेही पालकांनी विचारावं.

क्षेत्रच बदलायचं असेल तर डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. ते कान-नाक-घशाचे सर्जन होते, परदेशात शिकून आलेले, टांझानियात नोकरी केलेले. १९६९मध्ये चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी वैद्यकी सोडली आणि पूर्णवेळ रंगभूमीवर आले. ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते, आणि धाडस होतंच. पण त्याआधी कित्येक वर्षं ते पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेची नाटकं करत होते, दवाखाना सांभाळून. नाटक आपल्याला जमतं का, रोज उठून तेच करायला आवडेल का, हे त्यांना सोडायच्या आधी ठाऊक होतं. दुसरीकडे डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञही राहिले आणि नटही. त्यांनी एकासाठी दुसरं सोडलं नाही. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. तुमच्या मुलीला कॉमर्समधून डिझाइनकडे किंवा मेकॅनिकलमधून डेटाकडे जायचं असेल तर तिने आधी वर्षभर शनिवार-रविवार ते काम करून पाहावं. एनपीटीईएलचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात, परीक्षेलाच काय ती हजारेक रुपये फी पडते. संगणकाकडे पुढे गंभीरपणे जायचं ठरलं तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, त्याला सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ अशी पाटी लावणाऱ्या क्लासला लाखभर भरण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या चार जणांना आपण स्वतः शोधून भेटावं. क्लासने फोन जोडून दिलेले चार जण यात धरायचे नाहीत.

स्पर्धा परीक्षेसाठी नोकरी सोडणाऱ्यांबद्दल मला जरा कठोर बोलायचं आहे. यूपीएससीला खुल्या प्रवर्गात वयाची ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न, ओबीसीला ३५ वर्षं आणि नऊ प्रयत्न, ही मर्यादा आहे. एमपीएससीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत बसता येतं, आणि त्यातच धोका आहे : दार उघडं राहतं म्हणून माणूस उंबऱ्यावर बसून राहतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये तिशी उलटलेली किती मुलं आहेत, ते तिथे एक फेरी मारली तरी कळतं. नोकरीत असतानाच एक पूर्वपरीक्षा मनापासून द्यावी. कटऑफच्या जवळ गेलात तरच नोकरी सोडावी, आणि सोडताना किती प्रयत्न करणार तो आकडा घरच्यांसमोर कागदावर लिहून ठेवावा. तो आकडा आला की थांबावं, एका गुणाने परीक्षा हुकली तरी. हे मी पोटतिडकीने लिहितेय, कारण ‘शेवटचा एक’ म्हणत पाच वर्षं गेलेली मुलं समोर बसतात तेव्हा त्यांना नोकरी मिळणं अवघड असतं आणि धीर देणं त्याहून अवघड.

आता पैशांचं. हे तरुणांना कंटाळवाणं वाटतं, पण राजीनाम्याची तारीख ठरवताना याचाच उपयोग होतो. ग्रॅच्युइटी एरवी पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर दर वर्षामागे १५,००० रुपये, म्हणजे पाच वर्षांचे ७५,०००. साडेचार वर्षं झालेल्या माणसाने घाईने बाहेर पडण्याआधी हा हिशेब करावा. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतरच हा हक्क दिला आहे. करारावर असाल तर ते पत्र काढून पुन्हा वाचा. पीएफ काढून मोटारसायकल घेऊ नका. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. तोच नव्या कंपनीत वर्ग केला तर आधीची वर्षं धरली जातात, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षंही पुढे चालू राहतात.

कंपनीच्या मेडिक्लेमचा विषय मात्र घरोघरी विसरला जातो. मुलाच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील असतात, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करायचं ठरलेलं असतं, आणि मुलगा नोकरी सोडतो. बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवशी ते संरक्षण संपतं. नवीन वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नव्या कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील बसतात का, हे ऑफर स्वीकारण्याआधीच विचारायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तसंच मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रीने लक्षात ठेवावं, की प्रसूतीच्या पगारी रजेसाठी बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. नोकरी बदलण्याचा महिना त्या हिशेबाने निवडावा.

बॉण्डबद्दल दोन टोकांच्या अफवा असतात. कुणी म्हणतं बॉण्ड म्हणजे नुसता कागद, कुणी म्हणतं पोलीस येतात. पोलीस येत नाहीत, ती दिवाणी बाब आहे. पण नुसता कागदही नव्हे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा सही करताना रक्कम आणि मुदत वाचा, आणि मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात देऊ नका. नव्या कंपनीचं लेखी ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनाम्याचा मेल पाठवू नका. तोंडी ‘तुमचं नक्की आहे’ यावर घर चालत नाही. आयटीत तीन महिन्यांचा नोटीस पिरियड बऱ्याच ठिकाणी असतो. तो पूर्ण करायचा, की पैसे भरून कमी करता येतो, हे एचआरकडून मेलवर घ्या. रिलिव्हिंग लेटर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

वाढीव पगाराचा मोहही एकदा कागदावर मांडून पाहावा. चिंचवडला घरी राहून हातात २८,००० येत असतील आणि बंगळूरला ४२,००० मिळणार असतील, तर पीजी, जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च वजा करून बघा. कधी कधी महिन्याला हजार रुपयेही उरत नाहीत. तरीही काम शिकण्यासारखं असेल तर जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पंचविशीत शिकायला मिळत असेल तर दोन वर्षं पैसे मागे पडले नाहीत म्हणून बिघडत नाही. पस्तिशीत, घराचा हप्ता आणि मुलांची शाळा असताना, हेच मी इतक्या सहज म्हणणार नाही. त्या वयात सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा बाजूला काढल्याशिवाय क्षेत्र बदलू नये.

पालकांना एक विनंती. मुलाने नोकरी बदलायची म्हटल्यावर ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘किती वाढवून देतायत’ हे दोन प्रश्न मागे ठेवा. त्याऐवजी नव्या ठिकाणी सकाळी गेल्यावर संध्याकाळपर्यंत नेमकं काय करणार आहेस, ते मला समजेल असं सांग, एवढंच म्हणा. सांगता आलं तर त्याचा विचार झालेला आहे, त्याला जाऊ द्या. सांगता आलं नाही तर ओरडू नका; महिनाभराने पुन्हा विचारा.