मुरगळलेला पाय : बर्फ की शेक?

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी शाळेच्या खो-खो संघात आहे. सरावात तिचा पाय मुरगळला. सरांनी लगेच बर्फ लावला. घरी आल्यावर आजीने मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायला घेतलं. दोघंही आपापल्या जागी ठाम. बर्फाने नेमकं काय होतं? त्याने पाय लवकर बरा होतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पहिल्या दोन दिवसांपुरतं सरांचं बरोबर आहे. आजींचा शेक जुनाट कंबरदुखीला आणि आखडलेल्या गुडघ्याला खरोखर आराम देतो, पण ताज्या दुखापतीत उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज वाढू शकते. तेल लावून जोरात चोळणंही या दिवसांत नको.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट समजून घ्या. बर्फ दुखणं कमी करतो. त्याने फाटलेले धागे लवकर जुळतात, असा भरवशाचा पुरावा नाही.

पाय आत वळून मुरगळला की बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा थोडे फाटतात. तिथली वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा थंडीने मंदावतात. त्वचेचं तापमान एरवी ३२-३३ अंश असतं. ते १५ अंशांच्या खाली उतरलं की ठणका स्पष्टपणे कमी होतो. घोट्यावर चरबी कमी, म्हणून तिथे हे लवकर घडतं. मांडीच्या स्नायूला मुकामार लागला असेल तर गारवा आतपर्यंत पोचायला बराच जास्त वेळ लागतो.

बर्फाचा हा उपचार १९७८ साली अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांच्या पुस्तकामुळे सर्वदूर पोचला. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं, असं ते चौपदरी सूत्र होतं. साडेतीन दशकांनंतर खुद्द मिर्किन यांनीच सांगितलं की बर्फाने भरून येण्याची प्रक्रिया लांबूही शकते. त्याचं कारण सुजेत आहे. सूज म्हणजे नुसता बिघाड नव्हे. त्या जागी धावून आलेल्या पेशी मोडतोड साफ करतात आणि नव्या बांधणीला लागणारी रसायनं सोडतात. २०१९ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आलेल्या नव्या सूत्रात तर बर्फाला जागाच नाही. तरीही पहिल्या दिवशी कळवळणाऱ्या मुलीला बर्फ नाकारावा असं मला वाटत नाही. दुखणं आटोक्यात आलं तर ती झोपेल आणि पाय हलवायला घाबरणार नाही. एवढ्यासाठी बर्फ जरूर वापरा, दिवसभर लावून मात्र ठेवू नका.

लावताना फ्रीजमधले खडे पिशवीत घालून लाटण्याने ठेचा, म्हणजे पिशवी घोट्याच्या उंचसखल भागावर नीट बसते. मधे ओला, पिळलेला पातळ पंचा ठेवा. कोरड्या कापडातून गारवा सावकाश पोचतो. वितळणारा बर्फ शून्य अंशावरच राहतो आणि वितळताना दर ग्रॅमला ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. फ्रीजरमधून काढलेला जेलचा पॅक शून्याच्याही बराच खाली, उणे १८ अंशांपर्यंत असू शकतो. तो उघड्या कातडीवर ठेवला तर हिमदाह होतो, आणि त्याचे फोड भाजल्याच्या फोडांइतकेच वाईट असतात.

दहा मिनिटं लावा, दहा मिनिटं काढा, पुन्हा दहा मिनिटं लावा. घोटा मुरगळलेल्या रुग्णांवरच्या २००६च्या एका चाचणीत सलग वीस मिनिटं बर्फ लावण्यापेक्षा या पद्धतीने पहिल्या आठवड्यात हालचालीच्या वेळचं दुखणं कमी राहिलं. दोनेक तासांनी पुन्हा लावायला हरकत नाही. आधी गार, मग चुरचुर, मग ठणका आणि शेवटी बधिरपणा, असा क्रम असतो. बधिर झालं की थांबायचं. कातडी पांढरी पडली तर ताबडतोब काढा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी, थंडीने बोटं पांढरी-निळी पडणाऱ्यांनी किंवा गारव्याने अंगावर गांधी उठणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ लावू नये. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक नस कातडीच्या अगदी खालून जाते. तिथे बर्फ घट्ट बांधून ठेवल्याने पाऊल उचलता न येण्याचे प्रकार झाले आहेत.

कबड्डीच्या मैदानावर मारतात तो थंड फवारा फक्त कातडी घटकाभर बधिर करतो. तो मारून किंवा बर्फ लावून खेळाडूला तसंच पुन्हा उतरवतात, याचा मला मनापासून राग येतो. बधिर घोट्याला आपण कसे टेकतोय याचा नीट अंदाज राहत नाही आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो.

दुखापतीनंतर चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबताच ती ओरडली, तर एक्स-रे काढाच. तेरा वर्षांच्या मुलीत हाडाच्या टोकाची वाढीची चकती अजून कोवळी असते. अस्थिबंध शाबूत राहून तीच दुखावू शकते, म्हणून मुलांच्या बाबतीत ‘नुसतं मुरगळलंय’ असं घरच्या घरी ठरवू नका.

हाड शाबूत असेल तर दोन-तीन दिवसांनी, सोसेल तेवढी हालचाल सुरू करा. पाय उशीवर ठेवून अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला सांगा. मग आधार घेऊन चालणं, मग दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहणं. चौकातून झटक्यात उठून, खांबाला वळसा घालून न लंगडता पळता आलं, की सरांना सांगून तिला संघात पाठवा.