फाशांची बेरीज आणि फळ्यावरचे तारे

प्रश्न : आमचा मुलगा चौथीत आहे. वर्गात खेळातून शिकवायचं म्हणून बरोबर उत्तराला एक तारा आणि दहा ताऱ्यांना बक्षीस असं सुरू झालं. सुरुवातीला पोरगा पळत शाळेत जायचा. तारे बंद झाले आणि उत्साहही आटला. खेळातून मुलांना अभ्यासाची गोडी लागते, यात काही तथ्य आहे का?
— एक पालक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : तथ्य आहे, पण तुम्ही सांगताय तो खेळ नव्हे, बक्षीस आहे. अभ्यास होता तसाच राहिला, वरून तारे डकवले गेले. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये अमेरिकेतल्या बालवाडीतल्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी रंग पुन्हा समोर ठेवले, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ त्यात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं.

मग खेळ कशाला म्हणायचं? चाल करताना जे डोकं चालवावं लागतं, तोच धडा असेल तर. एक खेळ सांगतो, घरीही जमेल. प्रत्येकाने 2 ते 12 मधला एक आकडा घ्यायचा, तो त्याचा घोडा. दोन फासे टाकायचे, जी बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. बहुतेक डावांत तुमच्या पत्त्यातला सात पुढे राहतो. दोन फाशांची 36 दानं, त्यांतल्या सहांची बेरीज 7 होते. 12 मात्र एकाच दानात. चौथीतला मुलगा यात बेरजा करून थकत नाही. दोन-चार डावांनंतर सगळेच सातासाठी भांडू लागतात, आणि दहावीतल्या ‘संभाव्यता’ धड्याचा पहिला प्रश्न वर्गात आपोआप उभा राहतो. कुणी हट्टाने 1 मागितला तर खुशाल द्या. तो घोडा का हलत नाही, हे त्याचं त्यालाच कळू दे.

सापशिडीबद्दल पालक नेहमी विचारतात. त्यात निर्णय काहीच नसतो, सगळं फाशावर. तरी लहान मुलांना ती उपयोगी पडते, एका अटीवर. सोंगटी 25 वर आहे आणि दान पडलं 3, तर ‘एक, दोन, तीन’ म्हणत न सरकता ‘सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस’ म्हणायचं. लास्की आणि सीग्लर यांनी 2014 मध्ये 100 घरांच्या पटावर दोन्ही पद्धती तपासल्या. पुढचे आकडे म्हणत सरकणाऱ्या मुलांची संख्यांची जाण स्पष्ट वाढली, एकपासून मोजणाऱ्यांची तेवढी नाही. पट तोच, फासा तोच, फरक फक्त तोंडाने काय म्हणायचं याचा!

यासाठी महागडं काही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, दगड यांतूनच शिकण्याची साधनं उभी केली. तुमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी 2020 मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाल्याने गाजले आणि त्यांच्या क्यूआर कोडची चर्चा झाली. कोड स्कॅन केला की कविता ऐकू यायची, गोष्ट मिळायची. पण नुसता कोड बघून मूल फार दिवस रमणार नाही. समोर उघडतं ते त्याला समजलं पाहिजे. शाळेत न बोलल्या जाणाऱ्या घरच्या भाषेत मुलांना मजकूर मिळावा म्हणून गुरुजींनी पुस्तकंही भाषांतरित केली. माझ्या मते त्या कामाची चर्चा जास्त व्हायला हवी होती.

शाळेत बोलायला गेलात तर तारे परत सुरू करा, असं म्हणू नका. ताऱ्यांच्या यादीत वर तीच चार नावं राहतात आणि तळाची मुलं आठवडाभरात नाद सोडतात. फाशाच्या खेळात गणितात कच्चं असलेलं मूलही कधी जिंकतं, म्हणून ते पुढच्या डावाला बसतं. दोघादोघांची जोडी करा, एकाने फासे टाकायचे, दुसऱ्याने बेरीज सांगायची, पुढच्या डावाला अदलाबदल. पंचवीस मिनिटांच्या तासात तीन डाव सहज होतात.