आधी मागचा आस मोजा

पिकअपला लिफ्ट किट घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच हिशेब असतो: गाडी दोन इंच वर गेली, की वाटेतले दगड दोन इंच लांब गेले. हा हिशेबच चुकीचा आहे, आणि पुढचा सगळा खर्च त्या चुकीवर उभा राहतो. बहुतेक पिकअपचा मागचा आस अखंड असतो, चाकांना थेट जोडलेला, आणि त्याला डिफरन्शियलचा गोळा खाली लोंबत असतो. किट बसते ते या आसाच्या वर. पाट्यांखाली ठोकळा घाला किंवा जास्त कमानीचे पाटे टाका. चासी वर जाते, हौदा वर जातो, गोळा मात्र जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. पावसाळ्यानंतर सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा नेमका या गोळ्याला अडतो. तिथे चार इंचांचे किटही उपयोगाचे नाही.

गोळा वर न्यायचा तर मोठा टायर हाच उपाय, आणि त्यातही वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग हाती लागतो. २६५/६५ आर १७ मापाच्या टायरचा व्यास साधारण ७७६ मिलिमीटर, २८५/७० आर १७ चा साधारण ८३१. फरक ५५, म्हणजे आसाची उंची वाढते जेमतेम २७ मिलिमीटर. या एका इंचासाठी घेर ७ टक्के वाढतो. मीटर आधी अचूक होता असे धरले, तर आता तो १०० दाखवताना गाडी १०७ ने धावते. ओडोमीटरवर १०,००० किलोमीटर होतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०,७०० धावलेली असते. प्रत्येक गिअर ७ टक्के लांब होतो, आणि हौद्यात माल भरून घाट चढताना ते लगेच जाणवते. ब्रेकचेही तेच: तेवढ्याच दाबाला रस्त्यावर मिळणारा थांबवणारा जोर घटतो, वर जड चाक थांबवायचे असते.

उंचीची किंमत याहून छुपी असते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला भारानुसार दाब देणारा व्हॉल्व्ह असतो. चासी आणि आस यांच्यातल्या अंतरावरून तो ओझे ओळखतो. मागून गाडी उचलली आणि त्याची दांडी नव्याने जुळवली नाही, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. पुढे शॉकअपवर स्पेसर बसवला की ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर येते, आणि कॅस्टर घटल्यामुळे वेगात स्टेअरिंग भरकटते. गुरुत्वमध्य वर गेल्याने गाडी उलटण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

यावर रास्त आक्षेप असा, की लिफ्टमुळे पुढचा नाकाचा कोन आणि पोटाखालची जागा वाढते, शिवाय मोठा टायर मडगार्डला घासत नाही. हे खरे आहे. रोज खडकाळ चढ चढणाऱ्याला त्याचा उपयोगही आहे. पण त्याने वरचे आर्म, अलाइनमेंट, ब्रेक, स्टेपनीची जागा हे सगळे बदलण्याची तयारी ठेवावी. नुसता स्पेसर म्हणजे अर्धवट काम. ‘सगळेच बसवतात’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल रोखते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघातानंतर विमा कंपनी हाच बदल पुढे करून दावा अडवू शकते.

शेतावर, गडाच्या पायथ्याशी, बांधकामावर जाणाऱ्या बहुतेकांना मूळ मापाचे चांगले ऑल-टेरेन टायर, खालून जाड संरक्षक पत्रा आणि चिखलात हवा कमी करण्याची सवय पुरते. तरीही किट घ्यायचेच असेल, तर पैसे देण्याआधी टेप घेऊन गाडीखाली जा, गोळ्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा आणि दुकानदाराला विचारा, की किट बसल्यावर हा आकडा किती होईल.